तंबूच्या दाराशी चपला

करोल बागमधल्या दुकानात मी लेकीसाठी तंबू बघत होतो. तिला नोएडाजवळच्या संगीत महोत्सवात मुक्काम करायचा होता आणि सोबतीला मी. आम्ही शिवण तपासत होतो, वॉटरप्रूफ आहे का विचारत होतो. तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. त्यांनी चपला काढून जोडीनं बाजूला ठेवल्या आणि मांडून ठेवलेल्या तंबूत शिरून चक्क आडव्या झाल्या. थोड्या वेळानं आतूनच दुकानदाराला म्हणाल्या, "भैया, यही दे दो. इसमें कोई चाय नहीं माँग रहा."

महोत्सवात दुपारीच पाऊस कोसळला. पोरं बुटांसकट तंबूत शिरत होती. आमच्या वॉटरप्रूफ तंबूचंही आतून म्हशीचं डबकं झालं. पलीकडच्या तंबूच्या दाराशी मात्र प्लास्टिकच्या कागदावर त्याच चपला, चिखलानं माखलेल्या, पण जोडीनं ठेवलेल्या. बाई आत कोरड्या सतरंजीवर लोळत गाणं ऐकत होत्या. आमचा अवतार बघून हसल्या. "आ जाओ, जूते बाहर."

बघता बघता त्या चपलांशेजारी अनोळखी पोरांच्या बुटांची रांग लागली. आत दाटीवाटीनं बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे बाईंनी एकदा बघितलं, उशी पाठीशी घेतली आणि विचारलं, "हाँ जी, अब चाय कौन ला रहा है?"

पहिला मीच उठलो. हातातले पेले सांभाळत, चिखलातून घसरत परत येताना पटलं, तंबू पारखून घेतला तो बाईंनीच.