कापसाच्या ट्रॉलीतलं आठवं गाणं

पुण्यातले दोस्त विचारतात, "अल्बम कुठल्या स्टुडिओत केलास?" मी सांगते, "चिखली तालुक्यात. चारही भिंती कापसाच्या, दहा-दहा फूट जाड." त्यांना वाटतं, थाप मारतेय. थाप फक्त दहा फुटांची आहे.

आमच्याकडे कापूस वेचून आणला की लगेच विकत नाहीत. भाव चढेल म्हणून मधली खोली आढ्यापर्यंत भरायची आणि माणसांनी ओसरीत झोपायचं, हा रिवाज. त्या वर्षी बाबांनी असा कापूस कोंबला होता की दिवाळीला आत शिरलेली कोंबडी संक्रांतीला बाहेर आली, तीही पिलं घेऊन. मी तेव्हा नोकरी सोडून गिटार, माइक, लॅपटॉप आणि स्वतः लिहिलेली आठ गाणी घेऊन घरी आले होते. गाणं रेकॉर्ड करायला न घुमणारी जागा लागते. आमच्या घरावर टिनपत्रे. एकदा शिंकलं तर चौघं शिंकल्यासारखी वाटत. एक दिवस मधल्या खोलीतला उंदीर हाकलायला टाळी वाजवली, तर टाळी ऐकूच आली नाही. कापसानं गिळली होती.

झालं! ढिगात पोखरून कपाटाएवढी जागा केली आणि आत जाऊन बसले. सात गाणी तिथंच झाली. साठवलेला कापूस अंगाला लागला की कशी खाज सुटते ते ज्याला सुटली त्यालाच ठाऊक. दुसऱ्या गाण्यात कडव्यांमध्ये एक लांब शांतता आहे. ऐकणारे म्हणतात, काय खोल विचार आहे! मी तेव्हा पाठ खाजवत होते.

आठवं गाणं मात्र संपेना. घरी परत आलेल्या मुलीचं गाणं ते. शे-दीडशे वेळा तरी गायले असेन. कधी श्वास ऐकू येई, कधी शब्द बदलावासा वाटे, कधी काहीच चुकलेलं नसे आणि तेच खटके. खरं सांगायचं तर ते संपलं की अल्बम लोकांसमोर जाणार, आणि लोक काय म्हणतील या धसक्यानं मला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. प्रकाशनाचा दिवस जगभर सांगून झाला होता. गाणी इंटरनेटवर चढवणाऱ्या कंपनीची मुदत शनिवारी संध्याकाळपर्यंतची. एक गाणं कमी पडलं तर अख्खा अल्बम राहणार होता.

शुक्रवारी बाबा चहा पिता पिता म्हणाले, "उद्या ट्रॉली येऊन राह्यली."

"कायची ट्रॉली?"

"कापसाची. इकून टाकतो आता."

"बाबा, माहं एक गाणं बाकी हाय ना!"

"तीन महिने झाले, तुहं एकच गाणं बाकी हाय. भाव थांबते का तुह्यासाठी?"

आई आतून म्हणाली, "न्या वो लवकर. अंग खाजवू खाजवू जीव गेला माहा."

शनिवारी सकाळी मजुरांनी दोन तासांत माझा स्टुडिओ ट्रॉलीत भरला. रिकाम्या खोलीत मी गायला तोंड उघडलं, तर पातेल्यात तोंड घालून गातेय असं वाटलं. मग मात्र मी विचार केला नाही. माइक, लॅपटॉप, गिटार उचलली आणि ट्रॉलीवर चढले.

"आता कुठं चालली वो बाई?" आईनं विचारलं.

"स्टुडिओत."

चिखलीच्या एका जिनिंगबाहेर, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याबाहेर, रांग लागली होती. किती लांब? शेवटचा ट्रॅक्टर बहुतेक लोणारच्या सरोवरात उभा असावा. मी ताडपत्रीखाली कापसात बीळ केलं आणि गायला लागले. पहिल्यांदा कुणीतरी हॉर्न वाजवला. दुसऱ्यांदा मागच्या ट्रॅक्टरवर लग्नातली गाणी सुरू झाली. बाबा आमच्या ट्रॅक्टरवरून खाली उतरले. बाहेरून आवाज आला, "बंद कर बे ते. पोरगी गाऊन राह्यली आत."

"आत म्हणजे कुठं, काका?"

"कापसात."

यावर तो काय म्हणाला ते कळलं नाही, पण गाणी बंद झाली. तिसऱ्यांदा अर्ध्यावर आले तेवढ्यात जिनिंगचा माणूस कापूस पारखायला आला. त्यानं ताडपत्रीखालून हात घातला, मूठभर काहीतरी धरून ओढलं आणि खूश होऊन ओरडला, "वा मालक, धागा लांब हाय!"

माझी वेणी होती ती. मी किंचाळले, तो किंचाळला.

"ते सोडा," बाबा म्हणाले. "ते इकायची नाई."

इतक्यात आमचा नंबर लागला. ट्रॉली आत गेली की कापूस ओतणार आणि गाणं संपणार. मी ताडपत्रीतून डोकं काढलं. केसांत कापूस. "बाबा, एकच खेप द्या."

बाबांनी फाटकाकडे पाहिलं. भावासाठी दिवाळीपासून थांबलेला माणूस. मग मागच्या ट्रॅक्टरला हात केला, "जा तू समोर." मग त्याच्या मागच्याला. मग तिसऱ्याला. फाटकाच्या तोंडाशी येऊन नंबर सोडणारा शेतकरी चिखलीनं त्याआधी पाहिला नसेल. मी आत गेले आणि एकदाच गायले. दुसऱ्यांदा गायला तोंडच नव्हतं.

कापूस ओतून झाल्यावर आम्ही जवळच्या हाटेलात बसलो. फायली चढल्या होत्या. शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. माझं बोट वर-खाली होत होतं.

"आता काय राह्यलं?"

"अजून थोडं चांगलं झालं असतं, बाबा."

"उद्या भाव चढला त मी काय कापूस परत आणू? दाब."

दाबलं. 

"आता ऐकव त खरं," बाबा म्हणाले. मी हेडफोन त्यांच्या टोपीवरूनच कानांवर चढवले. ते डोळे मिटून बसले. कान झाकलेला माणूस शेजाऱ्याशीही शेताच्या पार दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यावर असल्यासारखं बोलतो. अर्ध्या गाण्यात ते एवढ्यांदा ओरडले की भजी तळणारा दचकला.

"मधात कोन खोकलं वो हे?"

मी त्यांच्याकडेच बोट दाखवलं. तो खोकला मी पाठवायच्या आधीच ऐकला होता.

 गाणं संपल्यावर हेडफोन न काढताच बाबांनी बोट गोल फिरवून खूण केली: पुन्हा लाव.