मागून जेवणाऱ्या विजयाबाई

रविवार, ३ मार्च १९४०. ऊन वाढले. पहाटे भाकर भाजली. उपासनेला माणसे बरीच. प्रभुभोजन झाले. थाळी नेहमीप्रमाणे पुढे दिली. मंडळीचा इतिहास लिहून झाला. जयसिंहराव पाळकांना तसे सांगितले. बुधवारी वाचायचा ठरला.

थाळी पुढे दिल्याची नोंद विजयाबाईंच्या रोजनिशीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असे. धोब्याला कपडे दिले, गवळ्याला सांगितले, तशीच तीही. वाचणाऱ्याला त्यात काही दिसलं नसतं.

बाई वाढल्या आग्र्याच्या कॉन्व्हेंटात. वडील शिंदे सरकारच्या फौजेत होते. ते वारल्यावर आई तान्ह्या मुलीला घेऊन आग्र्याला गेली आणि कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात राबली. तिथल्या फादरनी मुलीच्या कपाळावर पाणी घातलं, तेव्हा ती आईच्याच मांडीवर होती. "तू रडली नाहीस, टकाटका माझ्याकडे बघत होतीस," आई सांगायची. पुढे आई पटकीत गेली. तिची म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट बाईंजवळ उरली.

पुढे लग्न झालं ते शिंद्यांच्या राजधानीतल्या, लष्कर शहरच्या खासगी बाजारातल्या गोविंदरावांशी. ते बाप्तिस्त झालेले, घरच्यांनी तोडलेले. लष्करहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर बेलखेडी म्हणून गाव. निवृत्त मराठा स्वारांना सरकारने तिथे जमिनी दिल्या होत्या. १९१५ साली गोविंदरावांनी तिथे ख्रिस्ती उपासकांची मंडळी सुरू केली, ती उमाजी स्वाराच्या गोठ्यात. बाप्तिस्तांचा नियम सरळ होता. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास सांगून, अख्खं अंग पाण्याखाली गेलं तरच बाप्तिस्मा. आणि असा बाप्तिस्मा झालेल्यानेच प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत वाटून खायची भाकर खायची.

"माझ्या आईनं मांडीवर घेऊन घालून घेतलेलं पाणी खोटं होतं असं मी म्हणणार नाही," बाईंनी नवऱ्याला सांगितलं.

"मी तुला म्हणायला लावणार नाही," गोविंदराव म्हणाले, "पण नियमही मोडणार नाही."

तिथेच तो विषय संपला. गोविंदराव जाईपर्यंत दोघांत त्यावरून एकदाही भांडण झालं नाही. नदीच्या डोहात ते माणसं बुडवून काढायचे, आणि बाई काठावर घोंगडी आणि आल्याचा चहा घेऊन उभ्या राहायच्या. बायकांची पांढरी लुगडी पाण्यात फुगून वर येऊ नयेत म्हणून काठात खडे शिवून द्यायच्या. प्रभुभोजनाची भाकरही त्याच भाजत, पण पिठाचं बोटसुद्धा जिभेला लावत नसत, आणि थाळी आली की तुकडा न घेता पुढे देत. जे आपलं नाही ते चाखायचं कशाला?

बुधवारी दुपारी मंडळी जमली. बाईंनी इतिहास वाचला. गोठ्यातली पहिली उपासना आली, वावटळीत उडालेलं छप्पर आलं. पहिल्या बाप्तिस्म्याला उमाजी पागोटं काढीना आणि शेवटी पागोट्यासकट बुडाला, तेही आलं.

"पागोटं होळकराकडच्या पाहुण्यानं दिलेलं होतं," उमाजी मागून ओरडला. "तेपण लिहा!"

शेवटी मंडळी स्थापन करणाऱ्यांची नावं वाचून बाईंनी चष्मा काढला.

"बाई, तुमचं नाव राहिलं," जयसिंहराव म्हणाले. ते पाळक होऊन आले त्याला दोनच वर्षं झाली होती.

"राहिलं नाही. मी मंडळीत नाही."

जुनी माणसं खाली बघू लागली. तरुण पोरं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात उमाजीची धाकटी सून सुधा उठली.

"म्हणजे बाई, तुम्ही मागून नाही खात? स्वयंपाकघरात?"

"मागून कशाला खाईन?"

"मला वाटलं, घरची बाई सगळ्यांना वाढून मागून जेवते, तसं असेल. तुम्ही पाळकांच्या घरच्या ना. म्हणून मी पण..."

"मी पण काय ग?"

सुधाने पदर दातांत धरला. तिचा बाप्तिस्मा गेल्या कार्तिकातला. तेव्हापासून ती थाळी पुढे देत आली होती. बाईंच्या आणि सासऱ्यांच्या आधी कसं खायचं? उपासना झाली की भांडी घासताना थाळीतला चुरा ती गुपचूप तोंडात टाकायची.

"हौ, भरसभेत माझी इज्जत काढली सुनेनं!" उमाजी म्हणाला. सगळे हसले, पण बाईंना हसू येईना. आपण गप्प राहून आईचा मान राखला असं त्या समजत होत्या. आणि इथे एक पोर हक्काची भाकर सोडून मोरीपाशी चुरा खात होती.

"पुढच्या वेळी सरळ खायचं, समजलं?"

"तुम्ही खाल तेव्हा," सुधा म्हणाली आणि खाली बसली.

जयसिंहरावांनी तोड काढली. हात वर करवून मत घेऊ, बाईंपुरता नियम सैल करू. बाईंनी मान हलवली. "ह्यांनी नाही मोडला माझ्यासाठी. तुम्ही कशाला मोडता?"

दुसऱ्या दिवशी उमाजी दह्याचं मडकं घेऊन बाईंच्या ओट्यावर आला. पुष्कळ वेळ जोंधळ्याबद्दल बोलला. मग म्हणाला, "बाईसाहेब, सून माझी बिलकुल ऐकत नाही. तुमचं बघून शिकली, तुम्हीच सोडवा."

"मी काय करू, उमाजीराव? आईचं पाणी पुसून टाकू?"

"पुसायचं कशाला? आईसाहेबांनी कपाळ भिजवलं, ते भिजवलेलं राहू द्या. उरलेलं अंग आम्ही भिजवतो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. कॉन्व्हेंटातल्या मदरना आणि गोविंदरावांना हे शास्त्र सारखंच अमान्य झालं असतं. बाईंना मात्र एकदम हलकं वाटलं. आई काठावर उभी आहे, हातात घोंगडी आहे, असं काहीसं मनात आलं. त्या हसायला लागल्या, ते डोळ्यांना पदर लावेपर्यंत.

"जयसिंहरावांना हे असं सांगू नका," त्या म्हणाल्या. "डोहात पाणी किती आहे तेवढं बघून या."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी डोहात कमरेएवढं पाणी होतं. खडे या वेळी सुधाने शिवले. बाईंनी लुगडं उचलून पाहिलं. "अग, मला बुडवायचंय की बुडवूनच ठेवायचंय?" चार मोठे खडे त्यांनी उसवून काढले. जयसिंहरावांनी एका बाजूने धरलं, उमाजीने दुसऱ्या. पाण्यात पाय टाकण्याआधी बाईंनी कपाळाला हात लावला, मग डोळे मिटले. वर आल्या तेव्हा काठावर सुधा घोंगडी पसरून उभी होती.

उपासनेला केस ओलेच होते. थाळी आली. बाईंनी तुकडा मोडला, थाळी शेजारी सुधाकडे दिली. सुधाने सासऱ्यांकडे न बघता तुकडा घेतला. बाईंनी आपला तोंडात टाकला आणि त्यांचे डोळेच विस्फारले. शेवटचं गीत संपेपर्यंत त्या कशाबशा थांबल्या.

"उमाजीराव, भाकर खारट आहे!"

"आहे ना."

"आज झाली?"

"नेहमीच असते."

"इतकी वर्षं कुणी बोललं नाही?"

"आम्हाला वाटलं," उमाजी म्हणाला, "कॉन्व्हेंटची रीत असेल."

सुधा तोंडाला पदर लावून मोरीकडे पळाली. बाई ओट्यावर टेकून हसत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी रोजनिशीत तारीख घातली, डोहातलं पाणी लिहिलं, कोण कोण आलं ते लिहिलं. शेवटी लिहिलं: ओले लुगडे दोरीवर आहे. प्रभुभोजनाच्या भाकरीला चिमूटभर मीठ पुरते.