काय म्हणतंय, काका?

चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि ओरडायचं, "काय म्हणतंय, काका?" आमच्या मानपाड्याच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून आलेल्या त्या इंजिनीअर मुलीची ही रोजची सलामी.

मी मेंटेनन्सचा माणूस. आठवीत शाळा सोडून हिंगोलीकडून आलेलो. बेअरिंग जायला लागलं की आवाज बदलतो, तो असा ऐकायचा, एवढंच मला येतं. तिला तेच शिकवलं. ती वहीत लिहून घ्यायची! माझं बोलणं कुणी लिहितंय म्हटल्यावर मला घामच फुटायचा.

ट्रेनिंग संपत आलं. कंपनी तिला कायम करायला तयार होती. घोडबंदर रोडच्या एका ऑफिसातून सॉफ्टवेअरची नोकरीही आलेली. घरच्यांना तीच हवी, एसीतली. हिच्या डोक्यात मात्र एम.टेक.! मशीनच्या आवाजावरून बिघाड कॉम्प्युटरने आधीच ओळखायचा, यावर तिला शिकायचं होतं.

"पप्पा म्हणतात, एकदा एम.टेक.ची मुलाखत दे. नाही झालं तर गपचूप ऑफिसात."

"मग गं?"

"मग काय, तुम्ही सर व्हा. विचारा प्रश्न."

झालं! जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी एम.टेक.ची मुलाखत घ्यायला लागलो. मला प्रश्न एकच सुचायचा, "हे शिकून काय होणार?" तिचं उत्तर मला कळलं नाही, की पुन्हा पहिल्यापासून.

"सगळ्यात ढ म्हणून मला निवडलंस होय?"

"नाही हो, सगळ्यात खडूस म्हणून!"

तुम्हीच सांगा, अशा पोरीसाठी जिवाची धाकधूक होणार नाही? निकालाच्या दिवशी माझ्या हातून दोनदा पाना पडला. तेवढ्यात ती धावतच आली, मशीनच्या वर आवाज चढवून.

"काका, झालं! ॲडमिशन झाली! मुलाखतीत विचारलेलं त्यांनी, आवाज ओळखायला कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं."

"अगं, माझं कशाला? शिक्षण विचारलं असतं म्हणजे?"

"विचारलं ना. म्हटलं, वीस वर्षं ऐकतायत."

मी पाना शोधायच्या निमित्ताने खाली वाकलो. बराच वेळ वाकलेलोच.

आता तीही माझ्यासारखी घरापासून लांब. परवा जेवणाच्या सुट्टीत, मशीनं थांबलेली असताना, तिने फोनवर एक आवाज पाठवला. खाली लिहिलेलं, "कॉम्प्युटर म्हणतो, सगळं ठीक. काय म्हणतंय, काका?"

फोन कानाशी धरला, डोळे मिटले. तीनदा ऐकलं. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं, "ठीक नाही. आत घासतंय. उघडून बघ."

आणि डबा न उघडता तिच्या उत्तराची वाट बघत बसलो.