भातातला व्हिडिओ

पोसवलेल्या भाताचा वास आला की वरंधजवळचं आमचं शेत आठवतं. त्या संध्याकाळी आम्ही तिथंच होतो; दुसऱ्या दिवशी बाबांना ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं. "भातात उभा ऱ्हातो, माझा व्हिडिओ काढ गो," ते म्हणाले. मी लग्नांचे व्हिडिओ करते. फाइल लहान व्हावी म्हणून कॅमेरा व्हिडिओ दाबून साठवतो, त्यात हलती पाती फुटून नुसते चौकोन दिसतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून क्वालिटी सगळ्यात वरची लावली, शार्पनेस उतरवला, वारा पडायची वाट पाहिली आणि म्हटलं, "बाबा, हलू नका हं, चित्र फुटतं." ते ओठ मिटून, फोटोला उभं राहावं तसे उभे राहिले. मुंबईहून ते परत आलेच नाहीत. व्हिडिओत आज पान न् पान स्वच्छ दिसतं. आई मात्र पडद्याशी वाकून दर वेळी विचारते, "हे कायच बोलत नायत गो?"