मशीन कशानं भरलं?

"पोरी, माझा ऊस मशीनीत न्हाय म्हंत्यात. मंग रानात उभा हाय तो काय हाय?"

जळकोटचे शिवलिंगअप्पा काऊंटरवर दोन्ही हात टेकवून उभे होते. सत्तरीचा माणूस. आवाज चढवलेला नव्हता. खरं काय ते सांगता येत नसलं की माझं डोकं फिरतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. सोलापुरात डिप्लोमा केला होता. अख्ख्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर आणि त्यावर बसणारी मी एकटी. सगळे मला कांबळेबाई म्हणायचे. वय चोवीस, पण नोकरीला लागलं की बाई होतंच माणूस.

अप्पांचा प्रश्न समजायला थोडं कारखान्याचं सांगावं लागेल. सभासदानं ऊस लावला की त्याची नोंद कारखान्याकडं होते. लागणीच्या तारखेप्रमाणं कुणाचा ऊस कधी तोडायचा ते ठरतं. त्याला तोडणी प्रोग्राम म्हणतात. त्या वर्षी हा प्रोग्राम पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर निघणार होता. म्हणजे मशीनमध्ये नोंद नाही तर पाळी नाही, आणि पाळी नाही तर तोडणीची टोळी नाही. लागोपाठची वर्षं कोरडी गेली होती. अप्पांची विहीर दिवसाआड तासभर चालायची. त्यांचा ऊस पहिल्या पाळीत तुटला तर कारखान्याला जाणार, उशीर झाला तर रानातच वाळून जाणार. नोंद त्यांनी वेळेवर केली होती, पण जळकोट गटाचे, म्हणजे त्या भागातल्या गावांचे, कागद आमच्याकडं सगळ्यात शेवटी आले. निम्मा गट भरून झाला आणि स्क्रीनवर इंग्रजीत ओळ आली, जागा नाही.

"मशीन भरलं," विलास सर म्हणाले. "मेमरी फुल्ल."

विलास सर म्हणजे ज्या कंपनीनं मशीन विकलं तिचे इंजिनिअर. आठवड्यातून दोनदा सोलापूरहून यायचे. मशीनची खोली त्यांच्या राज्यात होती. खाली गालिचा, खिडकीत एसी, दाराबाहेर चपला. चेअरमनसाहेबसुद्धा अनवाणी आत यायचे. मी सकाळी बटण दाबलं की थेट नोंदीचा प्रोग्राम उघडायचा, संध्याकाळी बंद करायचा. त्यातून बाहेर पडायला मला बंदी होती. बाहेर पडलात तर वॉरंटी जाईल, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी घरी गेल्यावर ते एकटे बसून काम करायचे. मेन्टेनन्स, म्हणायचे.

"सर, किती भरलंय?" मी विचारलं.

"टेक्निकल आहे ते."

"मला टेक्निकलचाच पगार आहे."

ते हसले आणि ब्रीफकेस बंद केली. "नवीन मोठं मशीन घ्यावं लागेल. खंडेनवमीच्या मिटिंगला विषय ठेवलाय. तोवर उरलेल्या नोंदी राहू द्या."

नवीन मशीन मुंबईहून येणार, म्हणजे दोन-तीन महिने. तोवर निम्मा हंगाम उरकलेला. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून परत डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "बरं. म्या मिटिंगच्या दिवशी येतो." मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. राग बरा असतो, त्यानं काम तरी होतं.

मशीनकडं किती जागा आहे, किती गेली, किती उरली, हे मशीनला विचारता येतं. त्याला इंजिनिअर लागत नाही. डिप्लोमाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. अडचण एवढीच, की सरांनी मशीन असं बांधून ठेवलं होतं की ते चालू होताच नोंदीच्या प्रोग्रामात शिरायचं. त्यावर उपाय माझ्या पर्समध्ये होता. क्लासमधली माझी स्वतःची फ्लॉपी. फ्लॉपी म्हणजे चौकोनी पाकिटातली कागदासारखी पातळ तबकडी, कॉम्प्युटर उठवण्यापुरत्या सूचना तिच्यावर मावतात. ती आत घालून बटण दाबलं की मशीन सरांचं ऐकत नाही, फ्लॉपीचं ऐकतं.

हे मी गुपचूप करू शकले असते. पण गुपचूप केलं असतं तर चोर मीच ठरले असते. म्हणून ठरवलं, करायचं ते सगळ्यांसमोर.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते. सकाळी बॉयलर पेटवला. वजनकाट्याला, ट्रॅक्टरला, टाइपरायटरला हार घातले. कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार आणि मॉनिटरच्या कपाळावर कुंकू. मग वरच्या हॉलमध्ये संचालकांची मिटिंग बसली. पूजेला आलेले सभासद दाराशी गर्दी करून उभे. त्यात अप्पा होते.

विलास सरांनी नवीन मशीनचं कौतुक सांगितलं. तात्या नावाचे एक वजनदार संचालक होते, त्यांनी लगेच अनुमोदन दिलं. चेअरमनसाहेब "मंजूर" म्हणणार, तेवढ्यात मी उभी राहिले.

"साहेब, मशीन खरंच भरलंय का, ते आधी मशीनला विचारू या. पाच मिनिटांचं काम आहे."

"आज?" चेअरमनसाहेब म्हणाले. "बाई, आज खंडेनवमी हाय. हत्याराला हात लावायचा नस्तोय."

तात्या शेजारच्याकडं बघून म्हणाले, "त्यांच्यात पाळत न्हाईत."

आमच्यात खरंच पाळत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. त्याची मला कधी लाज वाटली नाही आणि तात्यांसमोर तर मुळीच वाटणार नव्हती.

"नाही पाळत, तात्या. पण सकाळी बॉयलर तुम्हीच पेटवला ना? तो चालतो, तर कॉम्प्युटरनं काय घोडं मारलंय?"

दाराशी कुणीतरी हसलं. चेअरमनसाहेब राजकारणी होते, हसू कुठल्या बाजूनं आलं ते त्यांना बरोबर कळायचं. "चला," म्हणाले.

सगळे संचालक चपला काढून मशीनच्या लहान खोलीत शिरले, सभासद दाराशी दाटले. मी हार काढून टेबलावर ठेवला. फ्लॉपी घातली. "वॉरंटी जाईल हां," विलास सर म्हणाले. "जाऊ द्या," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

आधी काळ्या पडद्यावर आकडे चढत गेले आणि सहाशे चाळीसवर थांबले.

"ही मेमरी," मी सांगितलं. "मेमरी म्हणजे आपली गव्हाण, ऊस गाळपाला टाकतो ती. ज्या उसाचं गाळप चालू आहे तेवढाच तिच्यात असतो. मशीन बंद केलं की ती रिकामी. ती भरून राहायचा प्रश्नच नाही. नोंदी राहतात त्या हार्ड डिस्कमध्ये. ते आपलं यार्ड. उसाच्या गाड्या तिथं उभ्या राहतात. आता यार्ड बघू."

गव्हाण आणि यार्ड म्हटल्यावर सगळ्या माना हलल्या. मी डिस्क तपासायची कमांड दिली. कमांड म्हणजे मशीनला टाइप करून दिलेला हुकूम. डिस्क खडखडली आणि चार ओळी आल्या. एकूण जागा किती. वापरलेली किती. शिल्लक किती.

शिल्लक जवळपास काहीच नव्हती.

मी धरून चालले होते की डिस्क निम्मी तरी मोकळी असेल. एवढ्या लोकांसमोर मी खोटी पडले होते. विलास सरांनी हात बांधले. तात्या म्हणाले, "झालं समाधान? चला, चहा निवतोय." आणि माणसं दाराकडं वळली. अप्पा दारातच उभे होते, ते मात्र हलले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते आणि मला ते सहन होईना.

मी परत स्क्रीनकडं बघितलं. वापरलेल्या जागेचा आकडा फार मोठा होता. आमच्या नोंदी मीच टाइप केल्या होत्या. दोन्ही हातांनी वर्षभर बडवलं असतं तरी एवढा आकडा झाला नसता.

"थांबा," मी म्हणाले. "मशीन भरलंय, हे खरं. कशानं भरलंय ते बघायचं राहिलं."

"ते बघायची गरज नाही," विलास सर पटकन म्हणाले. जरा जास्तच पटकन. चेअरमनसाहेब दारातून मागं फिरले.

डिस्कवर काय काय ठेवलंय ते दाखवणारी दुसरी कमांड मी दिली. नावं आली. एक कप्पा आमच्या नोंदींचा. त्याखाली आणखी कप्पे, ते आमचे नव्हते. त्यातला सगळ्यात मोठा उघडून मी आतला मजकूर स्क्रीनवर सोडला. नावं पळायला लागली. एका पतसंस्थेच्या खातेदारांची. अगदी वर संस्थेचं नाव आणि चेअरमन म्हणून तात्यांचं. दुसऱ्या कप्प्यात एका गॅस एजन्सीची गिऱ्हाइकं. तिसऱ्यात कुठल्याशा शाळेचे पगार. आमच्या एसीत, आमच्या विजेवर, मी घरी गेल्यावर विलास सरांचा खासगी धंदा चालत होता.

"तात्पुरतं ठेवलं होतं," तात्या म्हणाले. "म्याच म्हणलं होतं यांना."

तात्यांच्या हातात संचालक मंडळातली बरीच मतं होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही. तरी तोंड थांबलं नाही.

"साहेब, यार्डात परक्याचा ऊस उभा करायचा आणि आपल्या सभासदाला जागा नाही म्हणून परत धाडायचं, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. ते बघा, दारात उभे आहेत."

चेअरमनसाहेबांनी अप्पांकडं बघितलं. मग सभासदांच्या गर्दीकडं. वर्षभरावर निवडणूक होती. त्यांचा न्याय तिथून आला की आणखी कुठून, मला माहीत नाही. मी खोदून विचारलं नाही.

"तात्या, तुमचं सामान आजच्या आज उचला," ते म्हणाले. "अन् बाई, जळकोटच्या नोंदी कवा सुरू करताय?"

"जागा झाली की लगेच."

विलास सरांनी सगळं फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा शेवटचा कप्पा पुसल्यावर यार्ड निम्म्याहून जास्त मोकळं झालं. नवीन मशीनचा विषय पुढच्या मिटिंगवर गेला आणि तिथंच विरून गेला. पुढचे दिवस मी जळकोट गट भरत बसले. अप्पांची नोंद मी सगळ्यात आधी केली नाही, तारखेप्रमाणंच केली. त्यांचा ऊस संक्रांतीच्या आधी तुटला. वजनात मार बसला होता, पण वाळला नाही.

हंगाम संपताच माझी बदली टाइम ऑफिसला, कामगारांची हजेरी मांडायला, झाली. कारण दिलं होतं, कामाची सोय. सोय कुणाची ते लिहिलं नव्हतं. मी सही केली आणि जायच्या आधी शेती खात्याच्या सगळ्या क्लार्कना त्या दोन कमांड शिकवून ठेवल्या. शिपायालाही. नंतर म्हणे खोलीत बोर्ड लागला, प्रोग्रामच्या बाहेर जाऊ नये. लावू देत. शिकलेलं बोर्डानं पुसत नाही.

आता घरोघरी कॉम्प्युटर आहेत. दुरुस्तीवाला येतो, दोन बटणं दाबतो आणि सांगतो, फुल्ल झालाय, नवा घ्या. फुल्ल झालाय हे बहुतेक वेळा खरंच असतं, त्यावर त्याच्याशी भांडू नका. खुर्ची ओढा, त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, कुणाच्या सामानानं. उत्तर ऐकल्याशिवाय उठू नका.