हन्नाला विकलेलं पिंप

"आधी नाकाला विचार!"

ग्लास तोंडाशी नेला रे नेला, की मामा तुमचं मनगट धरायचे. मग आपल्या ग्लासात नाक खुपसायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्याने तुमच्याकडे असे रोखून बघायचे, की आपण परीक्षेला बसलोय असंच वाटावं. लिंबाचं सरबत असलं तरी हाच थाट.

रामला गावात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. एकाच वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं फिटर. अलिबागेहून मुंबई आणि मुंबईहून इस्रायल असा त्यांचा प्रवास. पण मराठी त्यांनी निघताना होती तशीच जपून ठेवली होती. मुलं हिब्रूत उत्तर द्यायची, हे मराठीत भांडत राहायचे.

त्या सुमाराला इकडे बिअरच्या छोट्या भट्ट्या नुकत्याच निघू लागल्या होत्या. रिटायर झालेल्या मामांनी कुठेतरी लाकडी पिंपात मुरवलेली कडक काळी बिअर चाखली आणि घरी येऊन डिक्लेअर केलं, "ही तर मी पण करीन. वर गूळ घालीन!"

मामींनी कपाळावर हात मारला. "करा, करा. बिघडली तर त्या पिंपात मी कढीपत्ता लावीन, सांगून ठेवते."

झालं, मामा पेटले! वाइनचं जुनं ओकचं पिंप पैदा केलं. गळत होतं, म्हणून आमच्या गल्लीतल्या हन्ना सुताराकडे नेलं. हन्ना अरब ख्रिश्चन, मामांचा जुना दोस्त. दोघं हिब्रूतून एकमेकांना शिव्या देत तासन्‌तास बसायचे. त्याने पिंपाच्या लोखंडी पट्ट्या आवळून दिल्या. हिवाळ्याच्या तोंडाशी बिअर पिंपात गेली आणि पिंप आमच्या इमारतीच्या बंकरमध्ये. रॉकेट पडली तर लपायची ती जागा! "थंडगार आणि सेफ," मामा म्हणाले. रोज खाली जाऊन पिंपाला कान लावायचे. मी विचारलं, "कधी उघडायची?" की म्हणायचे, "घाई कोणाला आहे?" घाई त्यांनाच होती हो, डोळ्यांत दिसायची.

आणि एवढ्या शहाण्या माणसाने पेसाखचा सण हिशेबातच धरला नव्हता! पेसाखला आम्हा ज्यूंच्या घरात पाव नको, बिअर नको, आंबवलेल्या धान्याचा कणही नको. मालकीचासुद्धा नको. तसा राहिलाच, तर सणानंतरही तो तोंडाला लावता येत नाही. म्हणून लोक तो सणापुरता ज्यू नसलेल्या कुणाला विकतात आणि मग परत घेतात.

सणाच्या आदल्या सकाळी पाहतो तर मामा पिंपावर चादर बांधतायत. कोकणात आमच्या आज्या या सणाला आंबट चटणीचं मडकं फडक्याने झाकून ठेवायच्या. मामांच्या डोक्यात तेच बसलेलं.

मामी जिन्यातूनच ओरडल्या, "अहो, ती चटणी होती! ही बिअर आहे! दुपारच्या आत विका, नाहीतर ओता गटारात!"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. मग जे धावले! मी मागे. हन्ना रंधा मारत होता. मामांनी त्याच्या हातात बंकरची किल्ली कोंबली, नावापुरतं एक नाणं घेतलं आणि धापा टाकत म्हणाले, "पिंप तुझं. बिअर तुझी. विकलं म्हणजे विकलं!"

सणाचा सगळा आठवडा मामा तळमळत होते. विचारायची सोय नाही. विचारलं तर माल मनातून सुटला नाही असं होईल ना! हन्ना रस्त्यात भेटला की मिशीत हसायचा आणि किल्ली खुळखुळवायचा. लबाड!

सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बंकरमध्ये जमलो. मामी पदर खोचून, हातात कढीपत्त्याचं रोप घेऊनच आल्या. हन्ना म्हणाला, "आधी माझा माल मी चाखणार. वाईट असेल तर परत देईन. चांगला असेल तर विसरा."

बघा, कशी कोंडी! बिअर बिघडली तर कढीपत्ता, आणि जमली तर हन्नाची.

हन्नाने ग्लास भरला. काळीकुट्ट बिअर, वर खाकी फेस. मामांनी सवयीने त्याचं मनगट धरलं. हन्नाने नाक घातलं, एक घोट घेतला. दुसरा घेतला.

"घेऊन जा परत," तो म्हणाला.

मामा मटकन पायरीवर बसले. मामींनी हळूच रोप पाठीमागे लपवलं.

हन्नाने ग्लास पुढे केला. "अरे, मालकाला ओतत बसावं लागतं. मी पाहुणाच बरा. भर!"

मग काय विचारता! मीही चाखली. आधी नाकाला विचारूनच. ओलं लाकूड, खजूर, गुळाची ढेप फोडल्याचा वास. आणि घोट उतरला तसे माझे कान गरम झाले. मामा नाचायचेच बाकी होते. "कडक आहे ना? आहे ना कडक?" प्रत्येकाला विचारत सुटले. मामींनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "गूळ थोडा कमी चालला असता." पण हसत होत्या.

मामा पुढे चार वर्षं दर पेसाखला ते पिंप हन्नाला विकत आणि परत घेत राहिले. मग गेले.

पिंप आता मामींच्या गॅलरीत आहे. कढीपत्ता शेजारी तेलाच्या डब्यात वाढलाय. पेसाख जवळ आला की मामी मला वर बोलावतात.

"हन्नाला विकून ये."

पहिल्या वर्षी मी म्हटलं, "मामी, ते रिकामं आहे."

"तू ने तर खरं."

हन्ना आता म्हातारा झालाय. मी पिंप दुकानात ठेवलं की तो वाकून बूच काढतो, भोकाला नाक लावतो आणि डावा डोळा मिटतो.

"आहे अजून," तो म्हणतो, आणि मला नाणं देतो.