वेगळ्या टाकीचं घर

मी नवी कोरी तोटी काढली आणि तिच्या जागी दुसरी नवी कोरी तोटी बसवली. पहिलीचा गुन्हा एवढाच, की ती मी उघडली होती.

सकाळचे अकरा. क्वार्टर नंबर नऊ. पुण्याहून परतलेलं एक जोडपं घर बघायला आलं होतं. मूळचे आमच्याच बीड जिल्ह्यातले, दोघंही लॉकडाऊनपासून घरूनच कंपनीचं काम करणारे. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. आमच्या गृहनिर्माण संस्थेचे चेअरमन स्वतः आलेले, अंगणातल्या लिंबाखाली उभे. मी संस्थेचा शिपाई. दार मी उघडायचं, खिडक्या मी उघडायच्या, कपाटाची दारंसुद्धा मीच ओढून दाखवायची. बघणाऱ्यांनी कशालाही हात लावायचा नाही, असा कोरोनाचा नियम होता. तो कागद गेटवर मीच चिकटवला होता.

आमच्याकडं घर बघायला आलेला माणूस आधी खोल्या बघत नाही, पाणी बघतो. दोन-तीन वर्षं गेली की दुष्काळ ठरलेला. बोअरचं पाणी गोड का मचूळ, हे प्यायल्याशिवाय कळत नाही, म्हणून घर घेणारा ओंजळभर पाणी पितोच. पण कोरोनात परक्या घरी मास्क खाली कोण करणार? मग तेही काम माझ्याकडं आलं. मी प्यायचं आणि मी सांगायचं.

मी तोटी उघडली. ओंजळीनं प्यालो.

"गोड हाय साहेब. डाळ शिजती ह्याच्यात."

साहेब खूश झाले. मास्कच्या आतून हसले असावेत. मग विचारलं, "तुम्ही कुठले?"

"दिंद्रुडकडचा."

"अरे वा. तिथं आमचे पाहुणे आहेत. आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा." बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग दोघं लिंबाखाली गेले आणि चेअरमनशी हळू आवाजात बोलत राहिले.

चेअरमननी हाक मारली. "तेवढी तोटी बदलून टाक बे."

"कावून? मागल्या आठवड्यात बसवली की नवी."

"पार्टी म्हनती. कोरोना हाय. तू हात लावलास तिला."

स्टोअरमधून तोटी आणली, पान्हा आणला, आटे टेपनं गुंडाळले, घट्ट केलं. दुसरी तोटी बसवतानाही हात माझेच लागले. एक नाही, दोन्ही लागले. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांना बदललेली तोटी बघायची होती. त्यांनी ती बघितली, मान डोलावली, नऊ नंबर पक्का केला आणि गाडीत बसून गेले.

मी काहीही बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं वाचताना वाटेल की मी कुणी मोठा लढवय्या आहे. मी पान्हा पुसला आणि जागेवर नेऊन ठेवला.

मग कड्या पुसायला घेतल्या. पार्टी गेली की हायपोच्या जंतुनाशक पाण्यात फडकं बुडवून सगळ्या कड्या, बटणं, मुठी पुसायच्या, हाही नियम. पुढच्या दाराची कडी पुसली. मधल्या दाराची. खिडक्यांच्या. मोरीच्या दाराशी आलो आणि हात थांबला. या सगळ्या कड्यांना माझा हात लागला होता. कपाटाला लागला होता, दिव्याच्या बटणाला लागला होता. रोग लोखंडावर बसतो म्हणून टीव्हीवाले महिनाभर ओरडत होते. मग कडी बदला असं कुणी का म्हणालं नाही? कडीवरचा रोग फडक्यानं जातो आणि तोटीवरचा जात नाही? बरं, हात मी दार उघडताना लावला तेव्हा आडनाव कुणी विचारलं नव्हतं. आडनाव पाण्यापाशी आल्यावरच विचारलं.

हा रोग कोरोनाच्या लई आधीचा. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. तरी त्या दिवशी ओळखायला मला नऊ कड्या लागल्या, याचाच मला जास्त राग आला.

कारण मी गाफील झालो होतो. लिहायला लाज वाटते, पण कोरोना आला तेव्हा मला आतून थोडं बरं वाटलं होतं. किराणा दुकानापुढं चुन्याचे गोल आखलेले. एका गोलात मास्तर, एका गोलात पुढाऱ्याचा भाऊ, एका गोलात मी. सगळ्यांना एकच अंतर. घरी येऊन बायकोला म्हणालो होतो, "आता समद्यांलाच कळंल लांब उबं ऱ्हानं काय असतंय." ती म्हणाली होती, "कळलं तर बरंच हाय." मी त्या नियमांच्या प्रेमातच पडलो होतो म्हणा ना. नियम म्हणजे नियम, माणूस बघत नाही, असं मला वाटायचं. येड्याचा बाजार.

आता थोडं मागचं सांगतो. आमच्या भागात सहकारी सूतगिरणी होती. तिथं मी कापूस फोडायच्या खात्यात कामाला होतो. नाकात कायम फुपाटा. कामगारांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढली, बत्तीस क्वार्टर बांधले. भागभांडवल मीही भरलं, सभासद झालो. वाटपाच्या वेळी माझं नाव प्रतीक्षा यादीत गेलं. आमच्या वस्तीतल्या सगळ्यांचीच नावं प्रतीक्षा यादीत गेली. काय योगायोग! मग लागोपाठ दुष्काळ पडले, कापूस गेला, गिरणी बसली. माणसं घरं सोडून पोटामागं गेली. संस्थेनं मला शिपाई म्हणून ठेवून घेतलं. प्रतीक्षा यादी ऑफिसच्या भिंतीवर तशीच राहिली. माझ्या वरचे काही गाव सोडून गेले, काही वारले. कोरोना आला तेव्हा यादीत पहिलं नाव माझं होतं. त्या यादीवरची धूळ रोज मीच झटकायचो आणि रिकामी घरं बाहेरच्या लोकांना मीच उघडून दाखवायचो.

आम्ही राहतो वस्तीत, एका पत्र्याच्या खोलीत. बायकोला दमा. पोरगी प्रज्ञा बीडला कोविड वॉर्डात कंत्राटी नर्स. ती घरी येऊ शकत नव्हती. एका खोलीत कुठं वेगळं झोपणार? आईला लागण झाली तर संपलंच. दवाखान्याजवळच्या शाळेच्या एका वर्गात त्या चौघी नर्सा फरशीवर झोपायच्या. सुट्टीच्या दिवशी ती यायची आणि रस्त्यावरच उभी राहायची. तिची आई दगडावर डबा ठेवून मागं सरायची, मग ती पुढं येऊन डबा उचलायची. मायलेकी दहा पावलांवरून एकमेकींना जेवलीस का, जेवलीस का, एवढंच विचारायच्या. मी मधे उभा राहून चप्पल घासायचो.

क्वार्टर नंबर चौदाला दोन खोल्या, आणि मागच्या खोलीला स्वतंत्र दार. मोरी वेगळी. पोरगी तिथं राहिली असती, आईशी भिंतीतून बोलली असती. हे माझ्या डोक्यात दोन महिने होतं, पण मागायला जीभ उचलत नव्हती. तोटीच्या दिवशी उचलली. संध्याकाळीच अर्ज लिहिला.

चेअरमन माणूस वाईट नाही. आमच्या लग्नाला येतो, मयताला येतो. अर्ज वाचून म्हणाला, "घर द्यायला न्हाई कोन म्हनतंय? बत्तीस नंबर घे."

"साहेब, मी चौदा लिवलंय."

"चौदाला पार्ट्या येतेत. बत्तीस मागं हाय, मोकळं हाय. तिथं तुला येगळी टाकी बसवून देतो. तुझी पोरगी दवाखान्यातली, लोकं भेतेत. कोरोना जाईस्तोवर. तुलाबी बरं, लोकांलाबी बरं."

बत्तीस नंबर म्हणजे कॉलनीच्या पार शेवटी, नाल्याच्या काठाला. गिरणीचा सडका कापूस पूर्वी तिथं टाकायचे. कॉलनीतल्या सगळ्या घरांना पाणी मात्र एकाच सामायिक टाकीचं.

मी मान हलवली. नुसती मान हलवली असती तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, "उपकार झाले साहेब."

दोन दिवस मी बत्तीस नंबर घासून काढला. जाळ्या काढल्या, फरशी धुतली, भिंतींना चुना मारला. घर कसं हलवायचं ते ठरवलं. टेंपोच्या दोन खेपा. भांडी उकळत्या पाण्यातून काढायची, अंथरुणं दिवसभर उन्हात टाकायची, मगच आत घ्यायची. बायकोनं सगळं झाल्यावर यायचं. सामान उचलायला फक्त मी आणि टेंपोवाला, मधे अंतर. एवढी सुरक्षित बिऱ्हाडाची हलवाहलव जिल्ह्यात कुणी केली नसेल. मी खूश होतो. पोरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"पप्पा, टाकी येगळी कावून?"

"तू दवाखान्यात असतीस ना बाळा. लोकं भेतेत."

"पान्याच्या टाकीतून न्हाई पसरत पप्पा. बरं, मला भेतेत तर भेऊ द्या. मी घर सोडून गेले की टाकी काडनार हायेत का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काडनार हायेत का, पप्पा?"

तिनं फोन ठेवला. मला तिचाच राग आला. शिकून पोरी लई शहाण्या झाल्यात, असं मी मोठ्यानं म्हणालो आणि बायकोनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जेवण गेलं नाही. अंगणात येरझारा घातल्या, बाजेवर बसलो, उठलो, परत बसलो. काढणार असतील की. कोरोना जाईस्तोवर म्हणालेत. चेअरमननी शब्द दिलाय. असं मीच मला समजावत होतो.

सकाळी बत्तीस नंबरला गेलो. टाकी येऊन पडली होती, काळी, पाचशे लिटरची. गवंडी कामाला लागला होता. विटा, वाळू, सिमेंट. टाकीसाठी चौथरा बांधत होता. पक्का.

चार-सहा महिन्यांच्या टाकीला माणूस चार विटा मांडतो. चौथरा बांधत नाही.

मी गवंड्याला विचारलं, "लई दिस टिकंल का रे?"

तो म्हणाला, "तुमच्या नातवापस्तोर टिकंल मामा. चेअरमन म्हनलेत, मजबूत करा."

बिचारा माझं कौतुकच करत होता.

त्याच दिवशी बारा वाजता चौदा नंबरची पार्टी होती. निवृत्त अधिकारी आणि त्यांचा मुलगा. चेअरमन होते, दोन संचालक होते. मी अर्धा तास आधी जाऊन दारं-खिडक्या उघडून ठेवल्या, नियमाप्रमाणं. खोल्या दाखवल्या, मागचं दार दाखवलं. अधिकारी म्हणाले, "पाणी कसं आहे?"

चेअरमन म्हणाले, "पी की रे. सांग साहेबांला."

मी तोटीकडं गेलो नाही.

"तुमीच पिऊन बगा साहेब. आन पिन्याआधी ऐका. हे घर मी मागितलंय. मी सभासद हाय, प्रतीक्षा यादीत पयलं नाव माझं हाय. भाईरच्याला घर द्यायच्या आधी सभासदाला इचारायचं, असं संस्थेच्या नियमात हाय. आमी बौद्ध हाव. ह्याच टाकीचं पानी पिनार हाव. शेजारीपाजारी घर घेनार आसाल तर म्हाईत आसू द्या."

अधिकाऱ्यांचा मुलगा मोबाइलमध्ये बघायला लागला. मग ते दोघं निघून गेले. चेअरमननी मास्क हनुवटीखाली ओढला.

"बत्तीस दिलं तर डोक्यावर बसाया लागला व्हय बे?"

"बत्तीस नको मला."

"मग भाईरच ऱ्हा. आन उद्यापून कामाला येऊ नगंस."

"लिहून द्या," मी म्हणालो. "नियम समदे लिवलेले असतेत. हेबी लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं नाही. मी भिंतीवरच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढला, घरून भाग भरल्याची पावती घेतली आणि सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी कोरोनामुळं बंद. दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोहोच दिली. सुनावणी कधी, ते अजून कळवलेलं नाही.

वस्तीतले म्हणतात, मिळालं होतं ते घ्यायचं, मग भांडायचं. बायको म्हणते, "तुमची इज्जत ऱ्हायली, पर पोरगी भाईर ऱ्हायली." तिच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही. यावरून आमचं रोज वाजतं. मजुरी मिळेल तिथं करतो. पाऊस आला की पत्रा गळतो. मधे एकदा चेअरमनचा निरोप आला, बत्तीस नंबर अजून मोकळाच आहे, डोकं थंड करून विचार कर.

विचार केला. पत्रा धरून केला, बायकोचा दमा धरून केला, शाळेच्या फरशीवर झोपलेली पोरगी धरून केला. मी चौदा नंबरात जाणार आहे. निबंधक हो म्हणाले तर सरळ जाईन, नाही म्हणाले तर त्यांच्या वरच्याकडं जाईन, त्यांनीही नाही म्हटलं तर कोर्टात जाईन. तोवर माझी पोरगी शाळेच्या फरशीवर झोपेल. वेगळ्या टाकीच्या घरात मी तिला झोपू देणार नाही.